रक्त साखळते तेव्हा

आमच्या घरात दारासमोरच्या भिंतीवर २२ प्रतिज्ञांची तसबीर आहे. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर आधी तिच्यावरच जाते. त्याच तसबिरीखाली आम्ही आमच्या नातवावरून लिंबू उतरवून टाकले. ही गोष्ट २००८ सालची. सांगायला लाज वाटते; पण झाकून ठेवली तर कुणाच्याच उपयोगाची नाही, म्हणून लिहीत आहोत.

नातू तेव्हा सहा वर्षांचा होता. रांगू लागल्यापासून त्याच्या गुडघ्यांवर, कोपरांवर काळेनिळे डाग पडत. आम्ही सूनबाईला बोलायचो, "पोराकडं लक्ष असतं की नाही तुझं?" ती मान खाली घालून ऐकून घ्यायची. एका संध्याकाळी त्याचा दुधाचा दात पडला. थोडे रक्त आले, थांबले, आम्ही निजलो. पहाटे पाहतो तो उशी भिजलेली. धार नव्हती, पण झिरपणे चालूच होते. हळद लावली, तुरटीच्या गुळण्या करविल्या, कापसाचा बोळा दाबून धरला. दुसरा दिवस मावळला तरी रक्त थांबेना.

शेजारची बाई म्हणाली, "हे बाहेरचं आहे." सूनबाईचा भाऊ लहानपणी झाडावरून पडून असाच रक्त जाऊन वारला होता. गावाने तेव्हा करणी म्हटले होते. झाले! "तुझ्या माहेरचंच हे," असे आमच्यातले कुणी तिला तोंडावर बोलले. एकीने लिंबू उतरवले, बाकीच्यांनी पाहून न पाहिल्यासारखे केले. तिसऱ्या दिवशी उजाडताच सूनबाईने पोराला कडेवर घेतले. म्हणाली, "मी मोठ्या दवाखान्यात चालले. यायचं त्यांनी या." आम्ही मुकाट मागे निघालो.

तिथे रक्त तपासले. डॉक्टरांनी रोगाचे नाव सांगितले, हिमोफिलिया. मग नातवाला पिशव्या चढवायला आणल्या. त्या लहानशा आणि पिवळसर होत्या. सूनबाईने सिस्टरला विचारले, "ताई, रक्त पिवळं कसं?" त्या एका प्रश्नाने आमची शाळा सुरू झाली. सिस्टरने आणि डॉक्टरांनी जे समजावले ते असे.

मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. त्यातला निम्म्याहून थोडा अधिक भाग पिवळसर पाण्यासारखा असतो, तो रक्तद्रव. बाकीच्या पेशी. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात आणि सुमारे १२० दिवस जगतात. पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात. तिसऱ्या अगदी बारीक, त्या प्लेटलेट. शाळेच्या पुस्तकात त्यांना रक्तपट्टिका म्हणतात. रक्ताच्या बारीकशा थेंबात, एका घनमिलिमीटरमध्ये, त्या दीड ते साडेचार लाख असतात.

कापले की आधी ती रक्तवाहिनी स्वतःच आवळते. मग प्लेटलेट धावून येतात आणि जखमेला चिकटून बूच बसवतात. पण ते बूच कच्चे असते. फुटलेल्या बांधावर नुसते दगड टाकले आणि माती थापली नाही तर पाणी फटींतून झिरपतच राहते, तसे. ते पक्के करायला रक्तद्रवातले घटक कामाला लागतात. त्यांना क्रमांक दिलेले आहेत. एक घटक दुसऱ्याला जागा करतो, दुसरा तिसऱ्याला. शेवटी थ्रॉम्बिन तयार होते. ते फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे करते. त्या धाग्यांच्या जाळ्यात पेशी अडकतात आणि घट्ट गुठळी होते. आमची आजी 'रक्त साखळलं' म्हणायची. शब्द किती नेमका आहे! ती खरोखरच साखळी आहे.

आमच्या नातवाच्या साखळीत आठवी कडी, म्हणजे घटक ८, जवळजवळ नव्हताच. म्हणून कच्चे बूच बसले, रक्त थांबल्यासारखे वाटले आणि रात्री पुन्हा सुरू झाले. अशा रुग्णाचे रक्त इतरांपेक्षा जोरात वाहत नाही, जास्त वेळ वाहते. अंगावरचे काळेनिळे डागही त्याचेच. सूनबाईच्या दुर्लक्षाचे नव्हेत.

हा दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो. आई वाहक असली तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी असते. आई स्वतः बहुधा धडधाकट असते, तिला ठाऊकही नसते. सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात तर आधी कुणालाच हा रोग झालेला नसतो. मग दोष कुणाला द्यायचा? इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या वंशातही हा रोग होता. तिच्या नातीचा मुलगा, रशियाचा राजपुत्र अलेक्सी, याच रोगाने आजारी असे आणि त्याच्यासाठी राजवाड्यात रास्पुतिन नावाच्या बुवाला मान मिळाला होता. राजवाड्यातही तेच आणि आमच्या खोलीतही तेच!

आमचे डोके तिथे ठिकाणावर आले. कारणाशिवाय काही घडत नाही, हे तथागतांनी शिकवले. एक कारण दुसऱ्याला जन्म देते, आणि मधली कडी काढली की पुढचे थांबते. विहारात दर पौर्णिमेला आम्ही हे ऐकत होतो. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा दिली ती तसबिरीत लावायला नव्हे, अशा रात्री उपयोगी पडायला. त्या रात्री तो धम्म आमच्यातल्या एका सूनबाईनेच पाळला. घरी आल्यावर आम्ही सगळ्यांनी तिची माफी मागितली.

आता त्या पिवळ्या पिशव्यांविषयी. दान केलेले रक्त यंत्रात गरगर फिरवून ताकातून लोणी काढावे तसे त्याचे घटक वेगळे करतात. रक्तद्रव गोठवून पुन्हा थंडीतच हळूहळू वितळवला तर तळाशी जो साका उरतो त्यात घटक ८ भरपूर असतो. हे १९६४ साली अमेरिकेतल्या जुडिथ पूल या संशोधक बाईंनी दाखवून दिले. नातवाला तशा पाच पिशव्या लागल्या, म्हणजे पाच माणसांचे दान. पिशवीवर क्रमांक, तारीख आणि रक्तगट होता. जात नव्हती. ज्यांच्या वाडवडिलांना पाणवठ्यावर पाण्याला हात लावू दिला नाही, त्यांच्या लेकराच्या अंगात कुणाकुणाचे रक्त गेले आणि कुणाचेही काही बाटले नाही.

नातू आज कमावता आहे. आता शुद्ध केलेला घटक ८ इंजेक्शनने मिळतो, अनेक सरकारी रुग्णालयांतही मिळतो. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे.

माताभगिनींनो, मुलाला कारण नसताना डाग पडत असतील, गुडघा वारंवार सुजत असेल, दात पडल्यावर रक्त थांबत नसेल, तर रक्ताची तपासणी करून घ्या. रक्त येत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरा आणि दवाखाना गाठा. अशा मुलाला ॲस्पिरिन देऊ नका, आणि कोणतेही इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांना रोग सांगा.

१४ एप्रिलला आपल्या वस्त्यांत रक्तदान शिबिरे होतात. त्यानंतर तीनच दिवसांनी, १७ एप्रिलला, जागतिक हिमोफिलिया दिन असतो. नातवाला रक्त देता येत नाही. त्याच्या वाटचे आम्ही देतो. सूनबाईचा नंबर रांगेत पहिला असतो.

जयभीम!