न दिसणारा धूर

जळगावच्या दाणाबाजारातील एका पेढीच्या ट्रकमध्ये डिझेलबरोबर 'युरिया'ही भरावा लागतो. ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि उरलेले क्षाररहित पाणी असे ते द्रावण. वृद्ध शेठजींच्या वहीत त्याचे वेगळे खाते आहे. एके दिवशी धाकटे चिरंजीव म्हणाले, "बाबूजी, एक लहानशी डबी बसवली की युरियाचा खर्चच मिटतो. धूर काळा येत नाही, पीयूसीही मिळते. कोणाला कळणार?"

धूर काळा येत नाही, हे खरे. परंतु मेख तिथेच आहे. डिझेल गाडीच्या पीयूसी तपासणीत धुराचा दाटपणा पाहिला जातो. इंजिनातील प्रखर उष्णतेने हवेतीलच नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन जी ऑक्साइडे तयार होतात, ती त्यात मोजली जात नाहीत. हे वायू श्वसनमार्गास अपाय करतात आणि उन्हात ओझोनच्या निर्मितीस हातभार लावतात. तापलेल्या धुरात युरियाचा फवारा पडला, की त्यापासून अमोनिया होतो आणि उत्प्रेरकाच्या साहाय्याने या ऑक्साइडांचे निरुपद्रवी नायट्रोजन व पाण्याची वाफ यांत रूपांतर होते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या 'भारत स्टेज सहा' निकषांनी जड वाहनांच्या इंजिनांसाठी त्यांची मर्यादा प्रत्येक किलोवॅट-तासामागे ३.५ ग्रॅमवरून ०.४ ग्रॅमवर आणली. ती डबी मात्र फवारा बंद ठेवून, तो सुरू असल्याचा खोटा संदेश गाडीच्या संगणकास देते.

अशी लबाडी केवळ लहान माणसेच करतात, असे नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारी तपासणीपुरत्याच स्वच्छ राहतात, हे उघडकीस आले आणि कंपनीस अब्जावधी डॉलर मोजावे लागले.

शेठजी क्षणभर थांबून म्हणाले, "बेटा, खर्च मिटत नाही. आपल्या वहीतून निघून तो अजिंठा चौफुलीवर उभ्या असलेल्या लोकांच्या छातीत जमा होतो. त्यांची सही घेतली आहेस का?"

"पण बाबूजी, दुसरे लोक भाडे कमी घेतात."

"घेऊ देत."

त्याच आठवड्यात सुरतेचे एक भाडे दुसऱ्याकडे गेले. चिरंजीवांनी ते निमूटपणे वहीत टिपले. युरियाचे खाते मात्र पूर्ववत चालू राहिले. आता त्यातील नोंदी चिरंजीवांच्या अक्षरात आहेत.