कशाच्या तुलनेत?

मानसशास्त्राचा विद्यार्थी प्रयोगाचा विषय घेऊन येतो तेव्हा त्याच्या कागदावर बहुधा एकच गट असतो. ध्यानाने एकाग्रता वाढते का? मग एका वर्गाला महिनाभर ध्यान करायला लावायचं, आधी आणि नंतर चाचणी घ्यायची, गुण वाढले की झालं सिद्ध. मी विचारते, "वाढले, पण कशाच्या तुलनेत?" त्या महिन्यात परीक्षा जवळ आलेली असते. दुसऱ्यांदा तीच चाचणी देताना मुलांचा हात बसलेला असतो. बाईंनी काही नवं सुरू केलंय म्हणून वर्गाला हुरूप आलेला असतो. गुण यांतल्या कशामुळे वाढले, हे एका गटावरून कळायची सोय नाही. प्रयोग आखताना माझी निम्मी मेहनत याच प्रश्नावर खर्च होते, आणि प्रयोगांचे पुस्तकातले सगळे प्रकार मला त्याचीच निरनिराळी उत्तरं वाटतात.

सगळ्यात सुटसुटीत उत्तर म्हणजे माणसाची तुलना त्याच्याशीच करणं. जॉन रिडली स्ट्रूप यांचा १९३५ सालचा प्रयोग या जातीचा. 'लाल' हा शब्द निळ्या शाईत छापलेला असतो. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. स्ट्रूप यांच्या विद्यार्थ्यांना शंभर रंगीत चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३.३ सेकंद लागले. विसंगत शब्दांच्या शाईचे तेच रंग सांगायला लागले ११०.३ सेकंद. चौकोन नसते तर ११०.३ या आकड्याला काही अर्थच उरला नसता. शिवाय दोन्ही कामं एकाच प्रयुक्ताने, म्हणजे प्रयोगात भाग घेणाऱ्या माणसाने, केल्यामुळे मुळात कोण भरभर बोलतो आणि कोण सावकाश, हा फरक आपोआप वजा होतो.

अशा विसंगत शब्दांचं कार्ड मराठीत तयार करायला बसलं की तुलना राखणं किती नाजूक काम आहे ते कळतं. पिवळी शाई पांढऱ्या कार्डावर फिकी पडते. तिथे प्रयुक्त अडखळला तर शब्दाने अडवलं की रंगच नीट दिसला नाही, हे सांगता येत नाही. म्हणून मी पिवळा वगळून जांभळा घेते. प्रत्येक रंग सारख्याच वेळा यायला हवा, लागोपाठ दोनदा येता कामा नये. अक्षरं ठसठशीत हवीत, म्हणजे रंगाचा ठिपका चौकोनापेक्षा फार लहान राहत नाही. प्रयुक्ताला तांबडा-हिरवा रंग वेगळा ओळखता येतो ना, हे आधी पाहायचं. त्याचं शिक्षण कोणत्या माध्यमातून झालं तेही विचारायचं, कारण देवनागरी अडखळत वाचणाऱ्याला शब्द तितकासा आडवा येत नाही. आणि निम्म्या प्रयुक्तांना आधी चौकोन, निम्म्यांना आधी शब्द. नाहीतर सरावाचा किंवा थकव्याचा परिणाम आपण शब्दाच्या खात्यावर टाकून मोकळे होतो.

पण प्रत्येक प्रश्न एकाच माणसाला दोनदा विचारता येत नाही. काही वेळा तर तुलनेतलं काहीच आपल्या हातात नसतं. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. जिथे हादरा बसला पण पडझड झाली नाही, अशा भागातल्या अफवा जमुना प्रसाद यांनी गोळा केल्या. याहून मोठं संकट येऊ घातलंय, असं त्या अफवा सांगत होत्या. पुढे दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगच्या दरडींनंतरच्या अफवा अभ्यासल्या. तिथे प्रत्यक्ष विध्वंस झाला होता, आणि पुढच्या अरिष्टाच्या तशा अफवा मात्र आढळल्या नाहीत. हे दोन अभ्यास शेजारी ठेवून लिऑन फेस्टिंगर यांनी अर्थ लावला: घाबरलेल्या माणसाला आपल्या भीतीला साजेसं कारण हवं असतं, समोर ढिगारा नसला तर तो अफवेतून ते उभं करतो. आपल्याकडच्या दोन अभ्यासकांचं काम जगाला ठाऊक असलेल्या एका सिद्धांताच्या मुळाशी आहे, याचा मला अभिमान वाटतो. तरी आराखडा म्हणून ही तुलना कच्ची. भूकंप वेगळा, दरड वेगळी, माणसं वेगळी, वर्षंही वेगळी.

म्हणून त्याच सिद्धांताची कसोटी घेणारा फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ यांचा १९५९ चा प्रयोग त्याच्या पाठोपाठ शिकवावा. विद्यार्थ्याने अर्धा तास एका हाताने बारा रिळं ट्रेमध्ये भरायची, रिकामी करायची, पुन्हा भरायची. पुढचा अर्धा तास फळीवरच्या ४८ चौकोनी खुंट्या एकेक करून पाव फेरा फिरवायच्या. मग बाहेर थांबलेल्या मुलीला सांगायचं की काम फार मजेचं आहे. हे सांगण्याबद्दल काहींना एक डॉलर, काहींना वीस. शेवटी प्रत्येकाने उणे पाच ते अधिक पाच या मापावर सांगायचं, काम खरोखर कितपत आवडलं. वीस डॉलरवाल्यांची सरासरी आली -०.०५ आणि एक डॉलरवाल्यांची +१.३५. स्वस्तात खोटं बोललेल्याने स्वतःचं मतच बदललं होतं.

मला यात सगळ्यात मोलाचा वाटतो तो तिसरा गट. त्याला ना पैसे, ना खोटं बोलायची सूचना. त्याची सरासरी -०.४५. हा गट नसता तर वीस डॉलरमुळे कामाची गोडी गेली, असंही कुणी म्हणू शकलं असतं. इथे एक माणूस एकाच गटात बसतो, कारण तो दोनदा तसाच फसणार नाही. म्हणून कोण कुठल्या गटात जाणार, हे चिठ्ठीनेच ठरवावं लागतं. आधी आलेले एका गटात आणि उशिरा आलेले दुसऱ्यात टाकले, की हौशी आणि आळशी अशी वेगळीच तुलना मांडली जाते. प्रयुक्ताला फसवलं असेल तर शेवटी त्याला सगळं समजावून सांगणं हाही आराखड्याचाच भाग.

चिठ्ठी प्रयोगशाळेबाहेरही पडते. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर पश्चिम बंगालमध्ये महिला प्रधानासाठी (म्हणजे सरपंचासाठी) राखीव ग्रामपंचायती यादृच्छिक पद्धतीने ठरत गेल्या. बीरभूम जिल्ह्यात रोहिणी पांडे, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात स्वतःची दुसरी चिठ्ठी मिसळली: गावकऱ्यांना एकच भाषण ऐकवलं, काहींना पुरुषाच्या आवाजात, काहींना बाईच्या. जिथे महिला प्रधान कधी झालीच नव्हती, तिथल्या पुरुषांना बाईच्या आवाजातला नेता कमी कर्तबगार वाटला. जिथे तिचा कारभार पाहिला होता, तिथे हा दुजाभाव जवळजवळ नाहीसा झाला होता. मात्र प्रधान पुरुषच असावा ही आवड गेली नव्हती. २००९ मध्ये आलेला हा अभ्यास अर्थशास्त्रज्ञांचा, पण माझ्या वर्गात तो असतोच. खरं गाव, खरे मतदार, आणि तरीही तुलना चोख.

आराखडा वहीत उतरला की त्याखाली मी विद्यार्थ्याकडून एक वाक्य लिहून घेते: अमुक निकाल आला तर माझं म्हणणं खोटं ठरेल. माहिती गोळा करायला सुरुवात होण्यापूर्वी, तारीख घालून. बरेच जण तिथे थबकतात, कारण कुठलाही आकडा आला तरी आपलंच खरं ठरावं अशी मांडणी नकळत झालेली असते. मग पुन्हा गट, चिठ्ठ्या, क्रम, सूचना असं सगळं तपासायला बसायचं. ते वाक्य ज्याला लिहिता आलं, त्याने प्रयोग खुशाल सुरू करावा.