वसंतकाची जबानी

गावच्या जत्रेतील तमाशात राजाच्या फर्मानावर बेलाशक शंका काढणारा सोंगाड्या आम्हां पोरांना प्रधानाहून शहाणा वाटे; आणि वेड पांघरून पेडगावला जाणाराच खरे बोलतो, ही माझी समजूत तेव्हापासूनची. भासाच्या ‘स्वप्नवासवदत्ता’तील विदूषकाने मात्र ती पुढे बरीच डळमळीत केली.

हा वसंतक जातीचा ब्राह्मण; पण तोंडी संस्कृत नाही, प्राकृत. चौथ्या अंकात तो येतो तोच मिष्टान्न पचत नसल्याची तक्रार घेऊन. आणि हाच गृहस्थ थोड्या वेळाने प्रमदवनातील शिळेवर बसून राजा उदयनाला विचारतो, की तेव्हाची राणी वासवदत्ता अधिक प्रिय, की आताची पद्मावती? लगतच्या लतामंडपात पद्मावती, आणि तिच्यासोबत, आगीत जळाल्याचे सर्वत्र जाहीर झालेली वासवदत्ताही वेषांतर करून ऐकत आहे, याची दोघांनाही दाद नाही. राजा पुष्कळ आढेवेढे घेतो. अखेर, पद्मावती गुणांची खरी, परंतु मन वासवदत्तेतच गुंतलेले, अशी कबुली देतो, तोच प्रश्न विदूषकावर उलटवतो, आणि थट्टेच्या भरात म्हणून जातो, की थांब, हे सारे वासवदत्तेलाच सांगतो! त्यावर वसंतक उद्गारतो: आता कुठली वासवदत्ता? ती तर केव्हाच गेली.

जे उच्चारण्यास एखादा मुत्सद्दी शंभरदा कचरला असता, ते या खादाडाने एका वाक्यात उच्चारले; राजाच्या डोळ्यांना धारा लागल्या. पण मला अधिक मोह पडतो तो पुढच्या प्रसंगाचा. तोच वसंतक धावत जाऊन कमळाच्या पानात तोंड धुण्यास पाणी आणतो, आणि समोर आलेल्या पद्मावतीने विचारताच, काहीसा चाचरत, काशफुलांचा पराग डोळ्यांत गेला, असे बिनदिक्कत सांगतो; राजाही तीच सबब मुकाट्याने पुढे चालवतो. सोंगाड्याला असे लपवालपवीचे कसब कधी लागलेले मी पाहिले नाही.

सहाव्या अंकात, तिच्या मृत्यूचा हा बनाव रचणारा अमात्य यौगंधरायण कबूल करतो, की वासवदत्ता जिवंत असल्याचे सर्वांनाच ठाऊक होते. या ‘सर्वांत’ वसंतक धरायचा की नाही? धरला, तर ते ‘केव्हाच गेली’ निराळेच ऐकू येऊ लागते. भास त्याचा खुलासा करीत नाही, आणि राजाही चौकशी करतो ती दुसऱ्या अमात्याची. विदूषकाची जबानी कोण घेणार?