नजरअंदाज

रब्बीची ज्वारी हुरड्यावर आली की आजोबा बांधावर उभे राहत. एखादं कणीस वाकवून दोन दाणे दाताखाली धरत, वावरावर एकदा डोळे फिरवत आणि चालू लागत. चालता चालता म्हणत, "सात पोती. लई झालं तर आठ." खळं झालं की साडेसात भरत. कसं कळतं विचारलं तर म्हणत, "अदमास."

'अंदाज' हा शब्द त्यांच्या तोंडी फारसा नसे. मूळ फारसीत त्याचा अर्थ टाकणं, फेकणं. तीरंदाज आणि गोलंदाज याच घरातले. आजोबांचा आकडाही फेकल्यासारखाच यायचा; पण त्या फेकीमागे चाळीस सुग्या होत्या. 'सुमार' या शब्दाचं मात्र उलटं झालं. फारसीतला 'शुमार' म्हणजे मोजणी. मराठीत आल्यावर न मोजता बोलायचं असलं की आपण 'सुमारे' म्हणतो, आणि माणसाला 'सुमार' म्हटलं तर ती जवळजवळ शिवीच! 'बेसुमार'नं तेवढी मोजणीची आठवण ठेवली आहे.

सरकारदरबारी आजोबांच्या अदमासाला मोठं नाव आहे: नजरअंदाज पैसेवारी. आधी ती, मग सुधारित, मग अंतिम. पूर्वी पिकाचं माप सोळा आण्यांत धरत, म्हणून आणेवारी. आजोबा शेवटपर्यंत आणेच म्हणत. तेव्हा गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली तर टंचाई धरत, मग शेतसाऱ्यात सूट वगैरे. पन्नासच्या वर गेली तर काही नसे. एका वर्षी ज्वारी गुडघ्याएवढीच राहिली, कणसं पोचट. आजोबांनी बांधावरून सांगितलं, "दोन पोती." चावडीवर कागद लागला, त्यावर गावाची पैसेवारी बासष्ट. पाहणी करणारी जीप डांबरी रस्त्यावरून उतरलीच नव्हती, असं लोक म्हणत. आजोबांना मी तो कागद वाचून दाखवला. त्यांनी "नजरअंदाज" हा शब्द दोनदा वाचायला लावला आणि तंबाखू मळत बसले.

पुढे घरात टीव्ही आला. एका संध्याकाळी हिंदी बातम्यांत कुणी पुढारी तावातावानं सांगत होता, "किसानों को नज़रअंदाज़ किया गया है।" आजोबा सरसावून बसले.

"तिकडंबी पैसेवारी लागली म्हना," ते म्हणाले.