हातात जीपीएस, पायाखाली राजमाची

शुक्रवारी संध्याकाळचे सहा वाजले की आमच्या ऑफिसातल्या निम्म्या पब्लिकच्या पायाला भिंगरी लागते. कुणी अलिबाग, कुणी माळशेज. आमच्या घराचं फेव्हरिट मात्र ठरलेलं: राजमाची. पुण्याहून सकाळची लोणावळा लोकल पकडायची, तुंगार्लीच्या बाजूने चालायला लागायचं आणि साधारण 15 किलोमीटरवर उधेवाडी गाव. गावाच्या डोक्यावर श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले. या बाजूने वाट फारशी चढाची नाही, त्यामुळे मुलांना न्यायला एकदम बेस्ट!

असं मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगायचो. गेल्या ऑगस्टपर्यंत.

त्या दिवशी आम्ही चौघं होतो. मी, बायको, दहा वर्षांची लेक आणि तेरा वर्षांचा भाचा. अर्ध्या वाटेत धुकं असं उतरलं की पुढे चालणाऱ्या भाच्याची फक्त पिवळी सॅक दिसत होती. मी खिशातून फोन काढला. ऑफलाइन नकाशा आदल्या रात्री डाऊनलोड करायचा होता, पण सोमवारच्या प्रेझेंटेशनच्या नादात राहून गेला. रेंज गायब. ओल्या स्क्रीनला बोट कळेना. बॅटरी 18 टक्के, कारण सकाळपासून धबधब्यांचे फोटो काढून झाले होते.

"वाट सरळच आहे," असं म्हणून मी ठळक दिसणारी पायवाट धरली. ती गुरांची निघाली. अर्ध्या तासाने बायको म्हणाली, "हे करवंदीचं जाळं आपण मघाशी पाहिलंय." मी ऐकलं नाही. मग समोरून पाणी पडल्याचा आवाज यायला लागला. समोरून म्हणजे खालून.

तेवढ्यात डोक्यावर इरलं घेतलेला एक गुराखी धुक्यातून पुढे आला. "पोरांना घेऊन कुठं चाललाय? म्होरं कडा हाय!" त्यानेच आम्हाला गावाच्या वाटेला लावलं. रात्री पिठलं-भाकरी समोर होती, पण घास उतरत नव्हता. बायको एवढंच म्हणाली, "तुझ्या फोनच्या भरवशावर मी पुन्हा येणार नाही."

फोन की जीपीएस?

खरं सांगायचं तर बिचाऱ्या फोनला दोष देण्यात अर्थ नव्हता. फोनमधला जीपीएस नेटवर्क नसतानाही चालतो आणि उपग्रहांचे सिग्नल धुक्यातूनही येतात. नकाशा आधीच उतरवून ठेवला असता, तर अर्धी अडचण तिथेच सुटली असती. पण पावसात भिजणारी टचस्क्रीन आणि फोटो, कॉल, गाणी अशा सगळ्यांच्या वाट्याला येणारी एकच बॅटरी, या दोन गोष्टींवर इलाज नव्हता. म्हणून घरात ठराव पास झाला: ट्रेकसाठी वेगळा, हातात धरायचा जीपीएस घ्यायचा.

दुकानात गेलो आणि गोंधळलो. शेवटी तीन मॉडेल्स उरली. गार्मिनचं ईट्रेक्स एसई: काळा-पांढरा स्क्रीन, दोन पेन्सिल सेलवर कंपनीच्या दाव्यानुसार 168 तास, पण आत नकाशाच नाही. दुसरं जीपीएसमॅप 67: मोठा स्क्रीन, चार्ज होणारी बॅटरी 180 तासांची, वजन 230 ग्रॅम आणि किंमत ऐकून बायकोची भुवई वर. तिसरं 2019 मध्ये आलेलं ईट्रेक्स 32एक्स: रंगीत नकाशा, दोन पेन्सिल सेलवर 25 तास, वजन साधारण 140 ग्रॅम.

मी अर्थातच मोठ्या स्क्रीनकडे झुकत होतो. गॅजेट म्हटलं की पुरुषांचं असंच होतं! पण बायकोने तिन्ही यंत्रं लेकीच्या हातात दिली. "एका हाताने चालवून दाखव." 32एक्सची छोटी कांडी तिने अंगठ्याने फिरवली आणि दोन मिनिटांत नकाशा पुढे-मागे सरकवायला लागली. हातमोजे घालून, ओल्या बोटांनीही बटणं चालतात. 25 तास म्हणजे रोज आठ तास चालून तीन दिवस. आणि पेन्सिल सेल काय, लोणावळ्याच्या कुठल्याही दुकानात मिळतात. डील डन!

त्याच्या धाकट्या भावंडाऐवजी, म्हणजे 22एक्सऐवजी, थोडे जास्त पैसे मोजले ते होकायंत्रासाठी. इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नसेल, तर यंत्राला तुमचं तोंड कुठे आहे ते तुम्ही चालत असतानाच कळतं. उभे राहिलात की बाण गोंधळतो. आणि वाट चुकलेला माणूस आधी काय करतो? उभा राहतो.

डबा शोधायचा खेळ

मुलांना मात्र वेगळ्याच गोष्टीचं आकर्षण होतं: जिओकॅशिंग. मे 2000 च्या सुरुवातीला अमेरिकन सरकारने सामान्यांच्या जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. लगेच, 3 मे रोजी, डेव्ह उल्मर या गृहस्थाने ओरेगन राज्यात रानात एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. आत पुस्तकं, गलोल, बीन्सचा डबा असलं काहीबाही. फंडा सोपा: शोधा, वहीत नोंद करा, काही घेतलंत तर काही ठेवा. आज हा खेळ जगभर चालतो. आपल्याकडे असे डबे विरळच. मग आम्ही घरचाच तयार केला.

डिसेंबरात पुन्हा उधेवाडी गाठली. ज्यांच्याकडे उतरतो त्या मावशींची परवानगी घेऊन परसात एक प्लॅस्टिकचा डबा लपवला. आत लिमलेटच्या गोळ्या, स्टिकर आणि छोटी वही. यंत्राने मुलांना आंब्याच्या झाडापर्यंत आणून सोडलं. अचूकता मोकळ्यावर तीन-पाच मीटरची, झाडाखाली त्याहून कमी. पुढचं काम डोळ्यांचं. वीस मिनिटं आरडाओरडा, मग डबा सरपणाच्या मोळीमागे सापडला. निघताना तो आम्ही परत घेतला.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी श्रीवर्धनवर. खाली शिरोट्याचा तलाव चमकत होता, समोर मनरंजन. लेकीने मनरंजनचा माथा 'पुढचं ठिकाण' म्हणून निवडला आणि बाणाकडे बघत राहिली.

"बाबा, हा वेडा आहे. सरळ जा म्हणतोय. मध्ये दरी आहे ना!"

बाण वेडा नव्हता. तो फक्त दिशा आणि हवेतलं सरळ अंतर सांगत होता. वाट मात्र खाली खिंडीतल्या भैरवनाथाच्या देवळापर्यंत उतरते आणि तिथून पुन्हा चढते. तिने थोडा विचार केला आणि आधी देऊळ, मग माथा अशी दोन ठिकाणं लावली. मी गप्प उभा होतो. ऑगस्टमध्ये मी त्या बाणासारखाच वागलो होतो. वाट सरळच आहे, म्हणून.

परतीच्या वाटेवर ते करवंदीचं जाळं दिसलं. हवा स्वच्छ होती. आम्ही त्या गुरांच्या वाटेने जपून थोडं आत गेलो आणि थांबलो. कडा तिथून चाळीसेक पावलांवर होता. बायकोने काही न बोलता लेकीचा हात धरला. लेकीने दुसऱ्या हाताने बटण दाबून ती जागा नोंदवली आणि खुणांच्या यादीतून कवटीचं चित्र निवडलं.

आता धुकं असलं की यंत्र तिच्याच हातात असतं. मी मागून चालतो.

खरेदीला निघण्याआधी

* यंत्र घरातल्या सगळ्यात लहान ट्रेकरच्या हातात देऊन बघा. बटणं त्याला जमली पाहिजेत.
* मोफत ओपनस्ट्रीटमॅपचे नकाशे घरीच भरा. निघताना 'ट्रॅक' सुरू करा. वाट चुकलीच, तर आपल्याच पावलांवरून मागे फिरता येतं.
* जिओकॅशिंगचे आकडे अंश आणि दशांश मिनिटांत असतात. यंत्राची सेटिंग जुळवा, नाहीतर भलतीकडेच पोचाल.
* नावापुढचा 'आय' बघा! 67आय उपग्रहावरून मेसेज पाठवतो, साधा 67 नाही. असं उपकरण परवान्याशिवाय भारतात बाळगणं बेकायदा आहे. परदेशातल्या मित्राला ऑर्डर देताना लक्षात ठेवा.
* किल्ल्याच्या भिंतीत, तटात डबा लपवू नका.
* आणि गुराखी भेटला तर वाट विचाराच. त्याला सेल लागत नाहीत.