हवा गेली, गाडी चालली!

पंक्चर झालेली सायकल ढकलत तुम्ही कधी ना कधी घरी आला असालच. डोक्यावर ऊन, पाठीवर दप्तर, मागचं चाक खडखडतंय आणि नेमकं त्याच दिवशी पंक्चरवाल्याचं दुकान बंद! वर बसून चालवावी म्हटलं, तर रिम वाकायची भीती. अशा वेळी कुणी तुम्हाला म्हणालं, "अरे, हवा गेली तर गेली, खुशाल बस आणि घरापर्यंत चालव, काही होत नाही," तर तुम्ही म्हणाल, उगाच थापा मारू नका!

सायकलचं सोडा, पण मोटारींसाठी असे टायर खरोखरच असतात बरं का! त्यांना 'रन-फ्लॅट' टायर म्हणतात. ते बहुतेक महागड्या, वेगवान गाड्यांना बसवलेले असतात. आमची डोंबिवली म्हणजे लोकलच्या गर्दीचं गाव. इथं अशा गाड्या कुठून येणार, असं तुम्हाला वाटेल. पण एम.आय.डी.सी.तल्या एका कारखानदारांकडे अशी एक गाडी आहे, आणि ती चालवणारे काका आमच्याच इमारतीत राहतात. तीस वर्षं झाली त्यांना गाडी चालवताना. आधी ट्रक, मग टॅक्सी आणि आता शेठची ही परदेशी गाडी. त्यांच्याकडून जे ऐकलं आणि एक-दोनदा शेजारच्या सीटवर बसून जे पाहिलं, ते तुम्हाला सांगतो.

त्याआधी एक गणित करा पाहू. गाडीचं वजन माणसांसकट १६०० किलो धरा. चार चाकं, म्हणजे एकेका चाकावर ४०० किलो. पेट्रोल पंपावर आपण "बत्तीस पौंड हवा भर" असं सांगतो ना? म्हणजे दर चौरस इंचाला ३२ पौंड दाब. आपल्या मापात सांगायचं तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलो. आता ४०० ला सव्वादोननं भागा. उत्तर पावणेदोनशेच्या आसपास येतं. टायरचा साधारण तेवढाच भाग, म्हणजे मोठ्या माणसाच्या पसरलेल्या पंजाएवढा, रस्त्याला टेकलेला असतो. चार पंजे, आणि त्यावर अख्खी गाडी! ती तोलून धरते कोण? रबर नव्हे, आतली हवा. हवा गेली की साध्या टायरची बाजूची भिंत कागदी पिशवीसारखी दुमडते. मग ती रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिरडली जाते आणि थोड्याच अंतरात टायरच्या चिंध्या होतात.

म्हणून तर डिकीत पाचवं चाक असतं. आपण त्याला 'स्टेपनी' म्हणतो. हा शब्द कुठला, ठाऊक आहे? वेल्समध्ये लानेली नावाचं गाव आहे. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस नावाच्या दोन भावांनी १९०४ साली जादा चाकाचा धंदा सुरू केला. त्या काळच्या गाड्यांना जादा चाक नसायचं. या भावांनी हवा भरलेला टायर चढवलेली, आरे नसलेली एक रिमच विकायला काढली. पंक्चर झालं की ती बिघडलेल्या चाकाला बाजूनं घट्ट अडकवायची आणि निघायचं. रस्त्याचं नाव चाकाला मिळालं, आणि ते भारतात असं रुजलं की आपल्या गॅरेजमध्ये आजही पोऱ्याला "स्टेपनी काढ रे!" असंच सांगतात.

रन-फ्लॅटची युक्ती मात्र वेगळी आहे. यात टायरच्या बाजूच्या भिंतीच जाड आणि ताठ करतात. हवा पूर्ण गेली तरी त्या दुमडत नाहीत, गाडीचं वजन स्वतः उचलून धरतात. पण किती वेळ? तर बहुतेक कंपन्या सांगतात, ताशी ८० किलोमीटरहून जास्त वेग नको आणि ८० किलोमीटरहून जास्त अंतर नको. गाडीत माणसं आणि सामान भरपूर असेल तर त्याहूनही कमी. कारण चाक फिरताना त्या भिंती सतत वाकतात, सरळ होतात आणि तापत जातात. एखादी तार पुन्हा पुन्हा वाकवून बघा, तीसुद्धा बोटाला गरम लागते.

ही कल्पना काही कालची नाही. इंग्लंडमध्ये डनलॉप कंपनीनं १९७०च्या दशकात 'डेनोव्हो' नावाचे टायर आणले होते. हा डनलॉप म्हणजे तोच बरं का! आयर्लंडमध्ये बेलफास्टला गुरांचा डॉक्टर होता. मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी १८८८ साली त्यानं हवेचा टायर बनवला. डेनोव्हो फारसे चालले नाहीत. पुढे १९९७ साली अमेरिकेतली कॉर्व्हेट ही वेगवान गाडी नव्या रूपात आली, ती स्टेपनीशिवायच! रन-फ्लॅट टायर असल्यावर पाचवं चाक कशाला वाहायचं? मग २००० नंतर बी.एम.डब्ल्यू.नंही आपल्या बऱ्याच गाड्यांना हे टायर द्यायला सुरुवात केली आणि तसे ते आपल्या रस्त्यांवर आले.

आता काकांची गोष्ट.

पावसाळा नुकताच संपला होता. शेठ, त्यांच्या पत्नी, आजी आणि सात वर्षांची नात, सगळे पुण्याचं लग्न आटोपून परत येत होते. रात्रीचे साडेअकरा वाजलेले. गाडी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, घाट उतरून खोपोली मागे पडलेली. इतक्यात काकांच्या समोर एक पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालेसारखं चित्र आणि मधोमध उद्गारचिन्ह. म्हणजे कुठल्यातरी चाकातली हवा कमी झाली.

काका सांगतात, "साध्या टायरची हवा गेली ना, की गाडी स्वतः बोलते. स्टिअरिंग एका बाजूला ओढतं, मागून फडफड फडफड आवाज येतो, सीट हलते. इथं काहीच नाही! गाडी सरळ चाललीय, आवाज नाही, हादरा नाही. मला आधी वाटलं, दिवाच बिघडला."

म्हणूनच रन-फ्लॅट टायर असलेल्या गाडीला हा दिवा लागतोच. तो नसेल, तर हवा गेल्याचं ड्रायव्हरला कळणारच नाही, आणि तो शंभरच्या वेगानं तसाच पळवत राहील. हा दिवा दोन तऱ्हांनी काम करतो. काही गाड्यांत चाकाच्या आत छोटं यंत्र असतं, ते दाब मोजून कळवतं. काही गाड्यांत गाडीतला संगणक नुसते चाकाचे फेरे मोजतो. ते कसं? घरी पातेल्याचं मोठं झाकण आणि डब्याचं छोटं झाकण घ्या. दोन्ही उभी धरून एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत घरंगळवा. छोट्याला जास्त फेरे घ्यावे लागतात की नाही? हवा गेलेलं चाकही किंचित बसतं, लहान होतं आणि इतर तिघांपेक्षा जरा जास्त फिरतं. डोळ्याला दिसत नाही, पण संगणक ते पकडतो.

काकांनी वेग कमी केला. खालापूरच्या टोलनाक्याच्या उजेडात गाडी बाजूला घेतली आणि उतरून एकेका टायरला हात लावून पाहिलं. उजवीकडचा मागचा टायर चांगलाच तापला होता आणि त्यात एक खिळा रुतलेला होता. तिथून डोंबिवली साधारण पन्नास किलोमीटर. मर्यादा ८० ची, पण गाडीत पाच माणसं आणि लग्नाचं सामान. काकांनी शेठना सांगितलं, "साहेब, जाऊ. पण मी पन्नासच्या वर नेणार नाही, आणि मला कुणी घाई करायची नाही." शेठनी मान हलवली. कळंबोली, तळोजा, शिळफाटा करत, डाव्या बाजूनं, खड्डे चुकवत गाडी एक वाजता दारात लागली. नात झोपलेलीच होती. आजींना तर सकाळी चहा पिताना कळलं, की रात्री गाडीच्या एका चाकात हवाच नव्हती!

तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? रस्त्याच्या कडेला थांबून स्टेपनी लावली असती, अर्ध्या तासाचं काम. अर्ध्या तासाचंच आहे, खरं. पण रात्री, अशा रस्त्याच्या कडेला, अंगावरून भरधाव ट्रक जात असताना जॅक लावून बसणं म्हणजे काय, ते काकांना विचारा. ट्रकवर होते तेव्हा जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर त्यांचा क्लीनर असाच चाक बदलायला बसला होता. मागून आलेल्या गाडीनं त्याला उडवलं. पोरगा वाचला, पण एक पाय गेला. काका एवढंच सांगतात आणि विषय बदलतात. त्यामुळे कुणी रन-फ्लॅटला नुसती श्रीमंतांची चैन म्हटलं की मला पटत नाही.

पण सगळंच काही गोड नाही. दुसऱ्या दिवशी काका आमच्या नाक्यावरच्या अण्णांच्या पंक्चरच्या दुकानात गेले. अण्णांनी स्कूटरपासून टेम्पोपर्यंत हजारो टायर सोलून काढलेत. त्यांनी या टायरची भिंत अंगठ्यानं दाबून पाहिली आणि हसले. "ये अपने मशीन पे नहीं उतरेगा साब!" ताठ भिंतीचा टायर रिमवरून उतरवायला यंत्रही तगडं लागतं. साध्या ट्यूबलेस टायरमध्ये खिळा काढून भोकात चिकट रबरी वात खुपसली की दहा मिनिटांत काम होतं. पण हवेशिवाय पन्नास किलोमीटर धावलेल्या टायरच्या भिंती आतून किती भाजल्या आहेत, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून तो टाकूनच दिला. नवा टायर डोंबिवलीत मिळेना. मुंबईहून यायला चार दिवस लागले, आणि स्टेपनी नसल्यामुळे चार दिवस गाडी दारात बसून. टायरची किंमत काकांच्या महिन्याच्या पगाराहून जास्त होती.

दुसरी तक्रार आजींची. "या गाडीपेक्षा रिक्षा बरी रे बाबा, पाठीचा खुळखुळा झाला!" ताठ भिंत हवा गेल्यावर उपयोगी पडते, पण हवा असतानाही ती ताठच असते ना! साधा टायर दणका स्वतः गिळतो, हा बराचसा पुढे पाठवतो. वेगवान गाड्यांचे टायर उंचीनंही कमी असतात, त्यात आपले रस्ते!

खड्ड्यांचं मी डोंबिवलीकरांना काय सांगू? आणि प्रश्न नुसत्या पाठीचा नाही. २०१८ च्या पावसाळ्यात कल्याणच्या शिवाजी चौकात खड्ड्यांमुळे दुचाकीवरून पडून माणसं दगावली होती. काकांच्या गाडीचं त्या मानानं थोडक्यात निभावलं. जुलै महिना, शिळफाट्याचा रस्ता, पाण्यानं भरलेला खड्डा. धाड! टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला आणि रिमला चीर गेली. म्हणजे हवेशिवाय चालणारा टायर खड्ड्यापुढे हरला! खिळ्यासाठी तो बनवलेला असतो, भिंतच जखमी झाली तर तिच्यावर भार कसा टाकणार?

या वेळी मात्र शेठ चिडले. "तुम्हाला खड्डा दिसला नाही का?" आणि काकांच्या पगारातून हप्त्यानं पैसे कापायचं ठरलं. मला हे मुळीच आवडलं नाही. पाण्याखालचा खड्डा कुणाला दिसतो? काका काही बोलले नाहीत. त्यांना मुलीच्या अकरावीची फी भरायची होती. शेवटी आजीच मुलाला म्हणाल्या, "अरे, त्या रात्री आपल्याला सुखरूप घरी कुणी आणलं? टायरनं एकट्यानं?" पुढच्या महिन्यापासून कपात थांबली. आधीच्या महिन्याचे कापलेले पैसे मात्र परत आले नाहीत.

मी काकांना विचारलं, "तुमची स्वतःची गाडी असती तर कुठले टायर घातले असते?" ते पटकन म्हणाले, "रोज रात्री घाट करायचा असेल तर हेच. गावात फिरायचं असेल तर साधे आणि डिकीत स्टेपनी." आपल्याकडे जुलै २०२० मध्ये नियम बदलला. टायर ट्यूबलेस असतील, हवेचा दिवा असेल आणि पंक्चर काढायचं सामान दिलेलं असेल, तर मोटारीला स्टेपनी नसली तरी चालते. काकांना हा नियम काही पसंत नाही. "दिवा सांगेल हवा गेली, पण चाक बदलायला दिवा येणार आहे का?" असं ते म्हणतात.

दिवाळीच्या सुमारास चारही टायर झिजले, तेव्हा शेठनी पहिल्यांदाच काकांना विचारून टायर घेतले. काकांनी साधे ट्यूबलेस सुचवले, एक जादा चाक आणि हवा भरायचा छोटा पंप. पण या गाडीच्या डिकीत स्टेपनीसाठी खळगाच नाही! बनवणाऱ्यांनी ती लागणारच नाही असं धरलेलं. मग जादा चाक डिकीच्या मधोमध आडवं पडलं आणि निम्मी डिकी त्यानंच खाल्ली.

जुना टायर अण्णांनी मागून घेतला, करवतीनं त्याचा आडवा तुकडा कापला आणि दुकानाबाहेर साध्या टायरच्या तुकड्याशेजारी टांगून ठेवला. शाळेतून येणारी मुलं दोन्ही दाबून बघतात. साधा बोटानं वाकतो, दुसऱ्यावर दोघं लोंबकळली तरी तो ढिम्म!

आणि आजी? त्यांची पाठ आता दुखत नाही. फक्त पुण्याला जाताना फराळाचे डबे त्यांच्या मांडीवर असतात, कारण डिकीत स्टेपनी आहे.