टाकीचे घाव

हात जोडावेत की नाही, एवढाच प्रश्न आहे. जोडायला पैसे पडत नाहीत, आणि न जोडल्यानं कुणी रागावत नाही. तरीही दगडाच्या एखाद्या देवासमोर उभं राहिलं आणि तिथं पुजारी नाही, घंटा नाही, वाळलेलं फूलसुद्धा नाही असं दिसलं, की माझे हात मध्येच कुठंतरी अडतात. शास्त्राला विचारलं तर काही भानगड नाही. प्राणप्रतिष्ठा झाली की देव, मूर्ती भंगली की पाण्यात सोडायची. पण पाठीवर पिशवी टाकून हिंडणाऱ्याजवळ शास्त्र नसतं, पाण्याची बाटली असते. आणि समोर जे उभं आहे त्याची प्रतिष्ठा कुणी केली, कधी मोडली, हे सांगायला जवळपास कुणी नसतं.

कंबोडियात आम्हा मित्रांचं यावरून चांगलंच वाजलं. आम्ही सगळे मुदखेडचे. जंक्शनच्या गावात वाढलेल्या पोरांना लांबच्या गाड्यांची चटक लहानपणीच लागते. आता एक जण बँकेत आहे, एक शाळेवर मास्तर, एक पुण्यात संगणकासमोर. पण सुट्ट्या जुळल्या की पिशव्या भरायच्या हे ठरलेलं. सियाम रीपला स्वस्तातली खोली घेतली, टुकटुकवाला ठरवला आणि पहाटेपासून अंधार पडेपर्यंत देवळं पाहत सुटलो.

अंकोरवाट हे मुळात विष्णूचं देऊळ. सूर्यवर्मन दुसरा यानं बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेलं. मास्तरला गप्प बसवत नाही, त्यानं पायरीवर बसल्या बसल्या हिशेब मांडला. हा राजा १११३ च्या सुमारास गादीवर आला, तेव्हा आपल्याकडं कल्याणीच्या चालुक्यांचा सहावा विक्रमादित्य होता, १०७६ ते ११२६. म्हणजे इकडं हा खटाटोप चालू होता त्याच काळात आपल्या देगलूर तालुक्यातही देवळांवर टाक्या वाजत असणार. होट्टलचं सिद्धेश्वर त्याच चालुक्यांच्या अमलातलं. त्या पट्ट्यातले शिलालेख बरेचसे कानडीत आहेत. रित्ती आणि शेळके या दोघांनी नांदेड जिल्ह्यातल्या लेखांचं पुस्तक १९६८ साली काढलं, ते मास्तरच्या घरी आहे आणि तो ते कुणाला देत नाही.

पश्चिमेच्या दारातून आत शिरलं की उजव्या हाताला एक आठ हातांचा प्रचंड विष्णू उभा आहे. तिथले लोक त्याला ‘ता रीच’ म्हणतात आणि राखणदार म्हणून पुजतात. त्यांचा धर्म बुद्धाचा, मूर्ती विष्णूची, मान ग्रामदैवताचा. अंगावर झळझळीत पिवळं वस्त्र होतं, पुढ्यात वाळूच्या भांड्यात उदबत्त्या खोचलेल्या होत्या. एक म्हातारी चपला बाजूला काढून गुडघ्यावर बसली होती. बँकवाल्यानं बुटांच्या नाड्या सोडल्या आणि तिच्या शेजारी जाऊन डोकं टेकवलं. पुणेकरानं त्याचा फोटो काढला. मी मधला. माझे हात छातीपर्यंत आले आणि तिथंच राहिले. मग मी कॅमेऱ्याचा पट्टा नीट करत असल्यासारखं केलं.

बाहेर आल्यावर पुणेकर म्हणाला, “मूर्तीला नाही, उदबत्तीला हात जोडलेस तू. धूर दिसला की आपले हात आपोआप वर जातात बे.”

बँकवाला म्हणाला, “मग जाऊ दे की. धूर तरी फुकट येतो का?”

पुढं दालनात समुद्रमंथन आहे, पन्नास मीटरला थोडी कमी भरेल एवढी लांब भिंत. तिथंही मधोमध विष्णू आहे. बँकवाल्यानं तिथं हात जोडले नाहीत. भिंतींवर दीड हजारांच्या वर अप्सरा आहेत, प्रत्येकीचं केस बांधणं निराळं. त्यांना तर कुणीच जोडले नाहीत. बन्तेय स्रेईला, म्हणजे ९६७ साली प्रतिष्ठा झालेल्या त्या गुलाबी दगडाच्या लहानशा देवळात, नरसिंह हिरण्यकश्यपूला फाडताना कोरलेला आहे. तो पाहून मास्तर ओरडलाच, “अरे, हा तर आपला शंखतीर्थचा!” शंखतीर्थ आमच्याच तालुक्यात, गोदावरीच्या काठावर. तिथल्या नरसिंहाला आम्ही सगळे लहानपणापासून वाकत आलो आहोत. ओळख अशी कडकडून पटली, आणि तरीही वाकलं कुणीच नाही. ओळखीचा माणूस परगावी भेटला तर आपण जास्तच आनंदानं रामराम घालतो. देवाच्या बाबतीत उलटं का व्हावं?

तेव्हापासून मला मास्तरच्याच शाळेच्या भिंतीवर रंगवलेली म्हण छळते आहे. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.’ आमच्या वेळी ती फळ्यावर असायची आणि तिचा अर्थ गुरुजींच्या हातातल्या छडीवरून लावायचा असे. म्हण ऐकायला बिनतोड आहे. पण एकेक देऊळ पाहत गेलं की ती गळायला लागते.

पहिली गोष्ट, आमच्या जिल्ह्यातली सगळ्यांत थोर देवी माहूरची रेणुका. तिला आपण तांदळा म्हणतो. हात नाहीत, पाय नाहीत, त्रिभंग नाही. वेशीबाहेरचा म्हसोबा पाहा. त्याला टाकी कधी लागलीच नाही, शेंदूर लागला. म्हणजे घाव न सोसताही देवपण येतं, आणि वर ते जास्त कडक असतं. म्हसोबाला पोरं घाबरतात. कोरलेल्या विष्णूला कोण घाबरतं?

दुसरी गोष्ट त्याच्या उलट. चालुक्यांच्या काळातल्या देवळांच्या बाहेरच्या अंगाला सुरसुंदरी असतात. कुणी आरशात पाहते आहे, कुणी पायातला काटा काढते आहे, कुणाचं वस्त्र माकड ओढतं आहे. होट्टलला पाहा, निलंग्याच्या नीलकंठेश्वराला पाहा. देवळातल्या कुठल्याही दगडापेक्षा जास्त घाव यांनी सोसले असतील. एकेका पैंजणाला, वेणीच्या एकेका पेडाला निराळी टाकी लागली असेल. आत गाभाऱ्यात लिंग, ज्याला कोरायचं म्हणून फारसं काही नाही, आणि बेल त्याला. या बायका आठ-नऊशे वर्षं उन्हात उभ्या आहेत. प्रदक्षिणा घालणारा त्यांच्याकडं पाहतही नाही, त्याचं लक्ष पायाखाली. आणि घावांचंच म्हणाल तर पायरीच्या दगडालाही टाकी लागलेलीच असते.

अंकोरला ता केओ नावाचं एक देऊळ आहे, हजार सालाच्या आसपासचं. डोंगरासारखी रास, चढताना गुडघे बोलायला लागतात, पण भिंती बहुतेक कोऱ्या. बांधकाम उभं राहिलं आणि कोरणं राहून गेलं. वीज पडली, अपशकुन झाला, म्हणून सोडलं असं सांगतात. कुलेन डोंगरातून आणलेले दगड एकावर एक बसवलेले, टाकीची वाट पाहत. म्हणीप्रमाणं ते देव व्हायचे राहिले म्हणायचं का? मला तर अख्ख्या अंकोरात तिथंच सगळ्यांत जास्त दबल्यासारखं झालं.

शिवाय घाव कुणाचे, हेही म्हण सांगत नाही. १९२३ साली आंद्रे मालरो नावाचा तरुण फ्रेंच लेखक याच बन्तेय स्रेईला गेला आणि तिथल्या देवता भिंतीतून काढून घेऊन निघाला. पकडला गेला, खटला झाला, शिक्षाही झाली; दगड परत गेले. पुढं हाच गृहस्थ फ्रान्सचा सांस्कृतिक मंत्री झाला. घाव सोसणारीला काही मिळालं नाही, घालणाऱ्याला मंत्रिपद. आपल्या कंधारला राष्ट्रकूटांच्या काळातल्या अवाढव्य क्षेत्रपालाचे तुटलेले अवयव आहेत. त्यानं आधी घडवणारे घाव सोसले, मग मोडणारे. दुसऱ्या घावांनी पहिल्यांचं देवपण खोडलं की आणखी गडद केलं, हे मला त्या पावलांजवळ उभं राहून कळलं नाही. हात तिथंही छातीपाशीच अडकले.

टाकी म्हटलं की मला मात्र देवळं आठवतच नाहीत, आठवते ती उन्हाळ्यात गल्लीत येणारी बाई. डोक्यावर पाटी, पाटीत दोन-तीन छिन्न्या, एक हातोडी, फडक्यात बांधलेली भाकरी. “टाकी लावायची का ओ मायऽ, पाट्याला, जात्यालाऽ!” वर्षभर वाटून वाटून पाटा गुळगुळीत झालेला असायचा, चटणी वाटायला घ्यावी तर मिरची नुसती घसरायची. आई पाटा ओसरीवर आणून टाकी. ती बाई त्याच्यापुढं मांडी घालून बसे, पदराचं टोक नाकातोंडावरून घेई आणि वरच्या कडेपासून ठोकायला लागे. टक् टक् टक्, एकाला एक लागून, तिरक्या ओळी. दगडाचा बारीक भुगा तिच्या पापण्यांवर बसायचा. मधूनच ती तळहात पाट्यावरून फिरवी आणि डोळे मिटून ऐकल्यासारखं करी, मग दोन-चार घाव जादा घाली. शेवटी जाताना पाटा पाण्यानं धुऊन देई. पहिली चटणी फेकायची असे, तिच्यात कच येई. पैसे कमी असायचे, घासाघीस बरीच, वर एखादी भाकर, वाटीभर पीठ.

तिची जात कुठली, गाव कुठलं, कुणी विचारल्याचं आठवत नाही. दगड फोडणारे, पाटे-जाती घडवणारे लोक मराठवाडाभर फिरत असत. होट्टलच्या सुरसुंदरीची वेणी कोरणारा आणि आमचा पाटा टाकवणारी ही बाई यांच्यात काही नातं असेल का? असेल असं म्हणायला पुरावा नाही. पण टाकी धरायची रीत तीच, वाकलेली पाठ तीच, आणि पापण्यांवरचा भुगाही तोच असणार. चालुक्यांच्या दानलेखांत राजाचं नाव येतं, दान देणाऱ्याचं येतं, कुठल्या शेतातून देवाला काय द्यायचं ते येतं. पाथरवटाचं नाव क्वचितच. आमच्या घरच्या पाट्यावर तर कुणाचंच नव्हतं.

म्हणीला खरं मानायचं तर सगळ्या दगडांत पहिला हक्क पाट्याचा. मूर्तीला घाव एकदाच, याला दरसाल. आणि गंमत म्हणजे त्याला देवपण मिळतंही, पण भाड्यानं दिल्यासारखं, एका रात्रीपुरतं. मूल जन्मलं की पाचवीला पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा होते. हळदकुंकू, नैवेद्य, पोराचं नशीब लिहायला कोरा कागद आणि लेखणी. बारशाला वरवंट्यालाच न्हाऊमाखू घालून कुंची चढवतात आणि बाळाआधी तोच पाळण्याखालून फिरतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याखाली लसूण. तिथं कुणाचे हात अडत नाहीत. काल ज्याच्यावर ठेचा वाटला त्याच्यापुढं आज आजी डोकं टेकवते, उद्या पुन्हा वाटणार आहे हे माहीत असून.

म्हणजे देवपण घावातही नाही आणि शेंदरातही नाही, ते टेकवणाऱ्या डोक्यात आहे, असं म्हणून मोकळं होता येईल. मास्तर तसंच म्हणतो. पण मग शंखतीर्थचा नरसिंह माझ्या डोक्यात आहे म्हणून देव, आणि बन्तेय स्रेईचा तोच नरसिंह डोक्यात असूनही नाही, याचं काय? ता रीचपुढची म्हातारी विष्णूला नमस्कार करत नव्हती, तिच्या राखणदाराला करत होती. बँकवाला तिच्या राखणदाराला करत नव्हता, विष्णूला करत होता. दगड एकच. दोघांचेही नमस्कार पोचले असतील, किंवा एकाचाच, किंवा पुणेकर म्हणतो तसे दोन्ही धुरात गेले. होट्टलला जिल्ह्याकडून महोत्सव होतो, दिवे लागतात, त्या उजेडात सुरसुंदरी फार देखण्या दिसतात आणि लोक त्यांच्याबरोबर फोटो काढतात. हीही एक पूजाच, असं एकदा वाटतं. दुसऱ्यांदा वाटत नाही.

टाकीवाली आता गल्लीत येत नाही. आमचा पाटा मोरीजवळ आडवा पडलेला असतो, कपडे आपटायला. पण घरात बाळंतपण झालं की तोच घासूनपुसून आत येतो. खंडेनवमीला मिक्सरला झेंडूचं फूल वाहतात, ते वेगळं. पाचवीला मिक्सर मांडलेला मी मुदखेडात अजून तरी पाहिलेला नाही.